पहिला भाग बघितल्याशिवाय उठायचं नाही

आमच्या घरी कुठल्याही सिनेमाचा दुसरा भाग बघायचा असेल तर आधी पहिला बघावा लागतो. यात वावगं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी ज्या सिनेमांबद्दल बोलतोय त्यांचा पहिला भाग रटाळ आणि दुसरा झकास असतो, आणि ही गोष्ट अख्ख्या जगाला आधीपासून ठाऊक असते. चांगला सिनेमा टीव्हीवर समोरच्या चौकोनात दिसतोय, रिमोटचं एक बटण दाबलं की सुरू होईल. पण नाही. मी त्याच्या शेजारचा टाकाऊ चौकोन दाबायचा आणि सव्वादोन तास बसायचं. कारण घरातल्या दोन माणसांचा तसा आग्रह आहे.

त्यातली एक माझी बायको. तिचं म्हणणं साधं आहे. महिन्याचे पैसे भरलेत ना? मग दोन्ही भाग आपलेच. त्यातला एक न बघता टाकायचा म्हणजे माज झाला. दुसरा माझा भाचा. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे कॉलेज पुण्यात आणि जेवण आमच्याकडे. त्याला बायकोसारखी पैशाची काळजी नाही, त्याला ज्ञानाची काळजी आहे. "मामा, तू डायरेक्ट दुसरा बघितलास तर तुला कॅरॅक्टर्सचा प्रवासच कळणार नाही," असं तो म्हणतो. हा मुलगा स्वतःच्या सेमिस्टरचं पहिलं युनिट सोडून थेट तिसऱ्यावर उडी मारतो, पण कॅरॅक्टर्सच्या प्रवासात त्याला एक स्टेशन गाळलेलं चालत नाही.

घरात चौथं माणूस म्हणजे माझी आई. ती कुठल्याच बाजूची नाही. ती आरामखुर्चीत असते, अधूनमधून भाच्याकडून "काय म्हणतोय हा?" ते विचारून घेते, आणि कोण मेलं याचा हिशोब ठेवते. या हिशोबाचं महत्त्व पुढे कळेल.

मला फक्त १९८२चा 'द रॅथ ऑफ खान' बघायचा होता. 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या जहाजाच्या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेवरून जे सिनेमे निघाले, त्यांतला दुसरा. पहिला आपटल्यासारखा होऊनही दुसरा कसा उभा राहिला, याचा दाखला द्यायचा झाला की जाणकार हाच देतात. मी रिमोट उचलला आणि भाच्यानं तो माझ्या हातातून इतक्या हळुवारपणे काढून घेतला, की माझ्या हातात चहाचा कप असावा आणि मला डुलकी लागली असावी.

"आधी १९७९चा," तो म्हणाला.

१९७९चा 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' हा काही ऐऱ्यागैऱ्याचा सिनेमा नाही. दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ, म्हणजे 'द साउंड ऑफ म्युझिक'वाले. खर्च साडेचार कोटी डॉलरच्या घरात, त्या काळी. आणि तो सगळा खर्च कुठे गेला हे प्रेक्षकाला कळावं अशी निर्मात्यांची तळमळ असावी. कर्क नावाचा कप्तान आपलं डागडुजी केलेलं जहाज बघायला एका छोट्या डबीतून निघतो. डबी जहाजाभोवती फिरते. आपण जहाज बघतो. मग जहाज बघणारा कर्क बघतो. मग पुन्हा जहाज. कुणी एक शब्द बोलत नाही, संगीत मात्र उसळत असतं. बायको आत गेली, दुधाला विरजण लावलं, ओटा पुसला, उद्याची मटकी भिजत घातली आणि बाहेर आली.

"पोचला का हो तो?"

"नाही. आता मागची बाजू बघतोय."

पुढे हे जहाज एका प्रचंड ढगात शिरतं. या ढगात शिरणं म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. माणसं पडद्याकडे बघतात आणि थक्क होतात, मग निळं काहीतरी जातं, मग जांभळं काहीतरी येतं, मग माणसं पुन्हा थक्क होतात. अमेरिकेत लोकांनी या सिनेमाचं नाव तेव्हाच 'स्लो मोशन पिक्चर' पाडलं होतं. मी निळ्यापर्यंत जागा होतो.

आणि इथे या छळाचा असली प्रकार सुरू होतो. आमच्याकडे झोपलेल्या माणसाला झोपू देत नाहीत. बायको हलवून उठवते आणि अतिशय प्रेमानं म्हणते, "डोळा लागला ना तुमचा? थांबा, मागे घेते." जेवढं मी झोपलो तेवढं मागे. म्हणजे जो भाग इतका कंटाळवाणा होता की एक धडधाकट माणूस त्यात घोरायला लागला, नेमका तोच मला पुन्हा. त्यातून त्या ढगात कुठपर्यंत मागे घ्यायचं हेच कुणाला सांगता येईना. बायको म्हणे इथे जांभळं होतं, भाचा म्हणे ते आधीचं जांभळं. शेवटी भांडण नको म्हणून ढगाच्या तोंडाशी जाऊन पुन्हा आत शिरलो.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, आईला हा सिनेमा बरा गेला. त्यात टक्कल केलेली एक देखणी बाई आहे. आई खुर्चीत पुढे सरकून म्हणाली, "अरे, ही आपली पर्सिस खंबाटा!" खरंच तीच. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ची मिस इंडिया, आणि या भूमिकेसाठी तिनं डोक्यावरचे सगळे केस उतरवले होते. "एवढे छान केस होते हिचे," आई हळहळली, आणि पुढचा सगळा वेळ त्या केसांच्या दुःखात गेला. आम्हाला तेवढाही आधार नव्हता.

शेवटी उलगडा असा होतो की ढगाच्या पोटातलं ते महाभयंकर यंत्र म्हणजे पृथ्वीवरूनच कधीकाळी सोडलेलं व्हॉयेजर यान, सहाव्या क्रमांकाचं. (खरी व्हॉयेजर दोनच, १९७७मधली. बाकीची सिनेमावाल्यांनी सोडली.) पाटीवरच्या नावातली मधली अक्षरं काजळीखाली गेली म्हणून ते स्वतःला 'व्हीजर' समजत असतं. कर्क हातानं पाटी पुसतो आणि सगळ्यांना कळतं. बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे एवढं सगळं एक फडकं मारलं नाही म्हणून?"

दुसऱ्या शनिवारी अखेर खान आला.

आणि काय सांगू! हा सिनेमा पहिल्याच्या जेमतेम पाव खर्चात झालाय. स्टुडिओनं या वेळी टीव्ही मालिकांतला हार्व्ह बेनेट नावाचा निर्माता धरला. पहिल्याला लागले त्यापेक्षा कमी पैशात जमेल का, असं मालकांनी विचारल्यावर 'तेवढ्यात मी पाच सिनेमे काढीन' अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला, असं सांगतात. मला या माणसाबद्दल जवळीक वाटण्याचं कारण निराळं. त्यानं स्टार ट्रेक कधी धड बघितलेलं नव्हतं, म्हणून तो बसला आणि जुन्या मालिकेचे भाग त्यानं एकामागून एक बघून काढले. ते एकूण ७९ आहेत. त्याच्या घरीही कुणीतरी भाचा असणार.

त्या ढिगाऱ्यातून त्याला १९६७च्या एका भागातला खान नावाचा खलनायक सापडला. दिग्दर्शक निकोलस मेयर, त्यालाही स्टार ट्रेकचा गंध नव्हता. पटकथेचे आधीचे पाच मसुदे पडून होते. त्यातलं कुणाला काय आवडलं ते मेयरनं विचारून घेतलं आणि त्या तुकड्यांतून १२ दिवसांत नवी पटकथा लिहिली, तीही स्वतःचं नाव न लावता. पहिल्या सिनेमातले गणवेश पुन्हा रंगवून वापरले. जहाज गोदीतून बाहेर पडतं ती दृश्यंसुद्धा पहिल्याच सिनेमातली, फक्त छाटून आटोपशीर केलेली. थोडक्यात, हा फोडणीचा भात आहे. आणि कालचा भात कितीही गिचका झालेला असला तरी आज त्यात कांदा, मिरची, हिंग पडल्यावर लोक कढई खरवडून खातात, हे मी मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

खानचं पूर्ण नाव खान नूनियन सिंग. मूळ मालिकेप्रमाणे तो उत्तर भारतातला, बहुधा शीख. काम करणारा रिकार्डो माँटलबान मेक्सिकोचा.

"खान का सिंग? एक काय ते ठरवा म्हणावं," आई म्हणाली.

हा खान साठी उलटलेला असून छाती उघडी टाकून फिरतो, आणि छाती अशी की ती खरी की चिकटवलेली यावर चाहत्यांमध्ये अनेक वर्षं वाद चालला. खरीच आहे, असं मेयरनं सांगून टाकलंय. बायकोनं एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी उशी जवळ ओढली. गंमत म्हणजे खान आणि कर्क संपूर्ण सिनेमात एकदाही एका खोलीत समोरासमोर येत नाहीत. सगळं वैर पडद्यावरून पडद्यावर. तरी असं जमतं की मी एक मिनिट झोपलो नाही आणि बायकोला काहीही मागे घ्यावं लागलं नाही.

आता आईचा हिशोब. सिनेमाच्या सुरुवातीलाच जहाजावर धडाधड स्फोट होतात, कर्कचा जिवलग मित्र स्पॉक याच्यासकट माणसं पडतात. आणि मग दिवे लागतात आणि सगळे कपडे झटकून उठतात, कारण ते प्रशिक्षण होतं. आईचा विश्वास तिथेच उडाला. त्यामुळे शेवटी स्पॉक किरणोत्सर्गाच्या खोलीत जातो, जहाज वाचवतो, काचेच्या पलीकडून कर्कला निरोप देत कोसळतो, भाचा नाक पुसायला लागतो, बायकोनं पदर डोळ्यांना लावलेला असतो, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "उठेल."

"आजी, खरंच मेला गं तो!"

"मघाशी नाही का उठला? उठेल."

१९८४च्या तिसऱ्या सिनेमाचं नाव 'द सर्च फॉर स्पॉक'. दिग्दर्शक लेनर्ड निमॉय, म्हणजे स्वतः स्पॉक. मेलेला माणूसच सिनेमा काढतोय म्हटल्यावर भाच्यानं आजीशी वाद घालणं सोडलं.

यावर मी पुष्कळ विचार केलाय. झोपू देत नाहीत तेव्हा माणूस दुसरं करणार काय? लोक म्हणतात, पहिला वाईट झाला की अपेक्षा खाली येतात म्हणून दुसरा चांगला वाटतो. मला पटत नाही. पहिला वाईट झाला की पैसे कमी मिळतात, बडे लोक दुसरीकडे बघायला लागतात, आणि त्या गडबडीत एखाद्या काम येणाऱ्या माणसाला हात मोकळे मिळतात. पण यात एक मेख आहे. पहिला भाग नुसता वाईट असून चालत नाही, तो चालावाही लागतो. साफ आपटलेल्या सिनेमाचा दुसरा भाग कोण काढणार? त्या ढगाच्या सिनेमानं नावं ठेवून घेत घेत जगभरात जवळजवळ १४ कोटी डॉलर मिळवले, म्हणून खान जन्माला आला. म्हणजे थिएटरात तेव्हा जे लाखो लोक ते निळं-जांभळं बघत चुळबुळत बसले, त्यांनी खानचा खर्च भरला. आणि त्यांच्यासाठी कुणी मागे घेत नव्हतं, एवढंच त्यांचं नशीब.

हा व्यवहार उलटतो कसा, ते 'सुइसाइड स्क्वॉड'नं दाखवलं. २०१६चा पहिला आम्ही सहकुटुंब थिएटरात बघितला. दर पाच मिनिटांनी नवं गाणं वाजायचं आणि कथा मात्र पार्किंगमध्येच राहिली होती. त्यानं जगभरात ७५ कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला, वर मेकअपचं ऑस्करही नेलं. २०२१मध्ये जेम्स गननं दुसरा काढला, नाव तेच, फक्त पुढे 'द' लावला. कितीतरी चांगला सिनेमा. मिळकत १७ कोटींच्या जवळपास. करोनाचे दिवस होते, महाराष्ट्रात तर तेव्हा थिएटरं बंदच होती, हे सगळं खरं. पण बायकोचं कारण वेगळं होतं. "एकदा बसलोय ना आपण? पुन्हा कशाला?" पहिल्यानं गिऱ्हाईक लुटायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या नावानं शिव्या खायच्या. धाकट्या भावंडांच्या वाट्याला हे येतंच. हा सिनेमा आम्ही घरी बघितला तेव्हासुद्धा आधी पहिला लावला गेला. थिएटरात बघितला होता, हे कारण फेटाळण्यात आलं. पाच वर्षांत विसरला असाल म्हणे. विसरायला मी पाच वर्षं घेतली होती, ती अशी वाया गेली.

सुटकेची एकच आशा मला मध्यंतरी दिसली होती. 'वीजा' नावाचा भुतांचा सिनेमा आहे, २०१४चा. आपल्याकडे प्लँचेट करतात तसल्या पाटीवर मुलं भूत बोलावतात. ("आमच्या वाड्यात पोरी वाटीवर करायच्या," आई म्हणाली, "परीक्षेचे निकाल विचारायच्या. भूतही नापासच सांगायचं.") पडद्यावर जे होतं ते वाटीपेक्षाही कमी भीतिदायक. समीक्षकांनी इतकं धुतलं, की चांगलं म्हणणारे शंभरात दहासुद्धा निघाले नाहीत. तरी पन्नास लाख डॉलरच्या सिनेमानं दहा कोटी कमावले, त्यामुळे २०१६मध्ये दुसरा आला. तो माइक फ्लॅनगन या माणसाकडे दिला, आणि त्यानं तो जीव लावून केला. गोष्ट १९६७ची, तर सिनेमाही जुना दिसावा म्हणून सुरुवातीला स्टुडिओचं जुनं बोधचिन्ह, आणि पूर्वी रीळ बदलायच्या वेळी कोपऱ्यात ठिपका यायचा तोही आठवणीनं घातलेला. अशी बारकाई कुणी मागितलेली नसते.

तर मुद्दा असा की दुसऱ्या भागाची गोष्ट पहिल्याच्या आधी घडते. भाच्याचं मत : आधी प्रदर्शित झालेला आधी. बायकोचं मत : आधी घडलेलं आधी. आयुष्यात प्रथमच माझ्यावर जुलूम करणारे दोघे एकमेकांच्या विरोधात उभे होते आणि मी तत्परतेनं बायकोच्या बाजूला गेलो. आधी चांगला बघितला. छान घाबरलो. पाणी पिऊन उठणार इतक्यात बायको म्हणाली, "बसा. पुढे त्या घराचं काय झालं ते बघायला नको?"

तात्पर्य, वाईट सिनेमा आधी तरी येतो नाहीतर नंतर तरी.

मोटारगाड्यांच्या 'फास्ट' मालिकेनं तर भाच्यालाही घाम फोडला. २००६चा 'टोकियो ड्रिफ्ट' हा तिसरा सिनेमा, आणि बरेच जण त्याला नावं ठेवतात. २०११चा पाचवा मात्र फक्कड. रिओच्या रस्त्यांवरून दोन गाड्या पोलीस ठाण्यातली आख्खी तिजोरीसारखी खोलीच दोरखंडांना बांधून ओढत नेतात, आणि त्यात अक्कल शोधायची नसते हे तो आपल्याला आधीच सांगून टाकतो. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, जस्टिन लिन. म्हणजे नवा माणूस आणलाच पाहिजे असंही नाही, जुन्यालाच आणखी दोन-तीन संध्या दिल्या तरी जमतं. घोळ असा की या तिसऱ्यात हान नावाचा माणूस मरतो आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्यात मजेत खाऊ खात फिरतो, कारण तिसऱ्याची गोष्ट सहाव्यानंतरची आहे. भाचा हे कागदावर आकृती काढून समजावत होता. आईनं आकृतीकडे न बघता विचारलं, "उठला ना?" २०२१च्या नवव्यात तो खरोखरच मेला नव्हता असं निघालं. आता भाचा कुणी मेलं की आधी आजीकडे बघतो.

अशा वेळी मला हिंदी सिनेमावाल्यांच्या दयाळूपणाची आठवण येते. तिथे आकडा असतो, पण सक्ती नसते. 'मर्डर २'चा 'मर्डर'शी कथेपुरता संबंध नाही. 'गोलमाल' मालिकेत अजय देवगण दरवेळी गोपाळच असतो, पण मागच्या गोपाळचं याला काही देणंघेणं नसतं. कुठूनही बसा, कुठूनही उठा. कॅरॅक्टर्सचा प्रवास वगैरे भानगड नाही; कॅरॅक्टर्स जागच्या जागी आरडाओरडा करतात आणि आपण घरी येतो.

स्टार ट्रेकचे उरलेले सिनेमे राहिले होते. त्यांच्या चाहत्यांत एक जुना नियम आहे : सम आकड्याचा चांगला, विषम टाकाऊ. १९८६चा चौथा, देवमाशांचा, सगळ्यांना आवडला. सहावाही नावाजलेला. मधला पाचवा, १९८९चा, खुद्द कर्क झालेल्या विल्यम शॅटनरनं दिग्दर्शित केलेला, आणि तो यादीत तळाशी टाकण्यावर बहुतेकांचं एकमत आहे. मी भाच्याला गाठून हा नियम त्याच्याच भाषेत समजावला. तो डळमळला. पण बायको म्हणाली, "चारानंतर पाचच येतात," आणि पाचवा लागला.

पाचव्यात एक माणूस जहाज पळवतो, कारण त्याला आकाशगंगेच्या मध्यभागी जाऊन देव बघायचाय. मध्यभागी जातात. देव भेटतो. पांढरी दाढी, प्रकाशाचा झोत, घुमणारा आवाज, सगळं रीतसर. आई, जी इतका वेळ डुलत होती, ती ताठ झाली आणि तिनं खुर्चीतूनच हात जोडले. मग देव म्हणतो, तुमचं जहाज मला द्या.

"देवाला जहाज कशाला हवं?" आई कडाडली. "त्याच्याकडे गरुड आहे, नंदी आहे, काही नाही तर उंदीर आहे!"

आणि पडद्यावर कर्कनं बोट वर करून नेमका तोच प्रश्न विचारला. देवाला जहाज कशाला हवं? हे या सिनेमातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य आहे, आणि माझ्या आईनं ते कर्कच्या आधी म्हटलं. तो देव तोतया निघाला. आईला जो काही आनंद झाला, तो घरात सत्यनारायण झाल्यावर होतो त्या जातीचा होता.

सहावा १९९१चा. पुन्हा मेयर, पुन्हा कसलेलं काम. दोन शत्रुराष्ट्रांचा समझोता, शीतयुद्धावरचं रूपक, शेक्सपिअर फेकणारा खलनायक, आणि सिनेमा लागला त्याच महिन्यात तिकडे सोव्हिएत संघ विसर्जित झाला. मी भान हरपून बघत होतो. आई पहिल्या अर्ध्या तासातच झोपली. तिच्यासाठी मात्र कुणी मागे घेतलं नाही. "थकल्यात हो त्या," असं बायको म्हणाली.

सिनेमा संपल्यावर आईला जाग आली. तिनं निकाल दिला की यात काही दम नाही, मागच्या वेळचा देवाचा होता तोच काय तो चांगला. भाच्यानं तोंड उघडलं, पण आजीचं आजवर काहीच चुकलेलं नसल्यामुळे पुन्हा मिटलं.

तर येत्या शनिवारी पाचवा परत आहे. भजनी मंडळातल्या बायका येणार आहेत, बायकोनं साबुदाणा भिजत घालायचं ठरवलंय. भाच्याची सबमिशन्स असल्यामुळे मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलंय, आणि आईनं बजावलंय की देव बोलत असताना तरी झोपायचं नाही.